हळदीच्या अंगाने

माझ्या थोरल्या भावाला, हर्षलदादाला, बायकांचा आजार होता. हे वाक्य आमच्या घरात वर्षभर कोणी मोठ्याने उच्चारलं नाही, म्हणून मी पहिल्याच ओळीत टाकून मोकळा होतो.

आजाराचं नाव थायरॉइड. ही ग्रंथी गळ्यात असते, सगळ्यांच्या असते, जयरामकाकांच्याही. दादाची गरजेपेक्षा जास्त काम करायची. आमच्या खानदानात गरजेपेक्षा जास्त काम करणारी ती पहिलीच. तिला आवरायला शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. दादा त्या घ्यायचा, एकलहऱ्याला वीज केंद्रावर ड्युटीला जायचा, परत येऊन वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, शेवंतीला पाणी द्यायचा. सगळं ठीक होतं. फक्त जयरामकाका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, अधूनमधून निकाल द्यायचे.

"थायरॉइड बायांना होतो. पुरुषाला झाला म्हणजे लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या."

मग दादाचं लग्न ठरलं. मुलगी गिरणाऱ्याची, वैष्णवी. टोमॅटोवाल्यांची लेक, बीएस्सी झालेली. आईला पहिली चिंता जेवणावळीची नव्हती, गोळ्यांच्या डबीची होती. मुलीकडच्यांना कळलं तर? नवरदेवाला बायकांचा आजार म्हटल्यावर लोक काय काय अर्थ काढतील? माघातलं लग्न. पाहुणे आधीपासूनच मुक्कामाला यायला लागले, तेव्हा आईने देवळीतली डबी उचलली, कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. दादाने गोळी हवी असेल तेव्हा तिला एकटीला गाठून मागायची, असं ठरलं.

लग्नघरात आईला एकटीला गाठणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी लग्न झालंय त्याला विचारा. ती एका हाताने पापड वाळत घालत असायची, दुसऱ्या हाताने मावशीचा रुसवा काढत असायची, आणि तिच्या भोवती कायम सात-आठ बायका. दादाची आधी दुपारची गोळी चुकली. मग संध्याकाळची. मग तो म्हणाला, "राहू दे, लग्न झालं की घेईन. बरंय मला." बरं त्याला गोळ्यांमुळे होतं. पण बरं वाटतंय म्हणजे गोळ्या नकोत, असा हिशेब त्याने लावला. छप्पर गळत नाही म्हणून पत्रे विकून टाकण्यासारखं ते होतं.

लग्नघर ही जगातली सगळ्यात धोकादायक जागा आहे. तिथे नवरदेवाच्या प्रत्येक लक्षणाला उत्तर तयार असतं.

शेरवानी सैल झाली, टेलरने पुन्हा आवळली, तरी सैल झाली. बहिणी म्हणाल्या, जिम लावलीय वाटतं. भाकरी मोजायचं आईने सोडून दिलं. मामा म्हणाले, खाऊ दे, नंतर बायको विचारणार नाही. अख्खं गाव शेकोटीला चिकटलेलं असताना दादा पंख्याखाली बनियनवर बसायचा. काका म्हणाले, वीज केंद्रात काम करतो, अंगातच बॉयलर बसवलाय त्यानं. डोळे मोठे दिसायला लागले, तर फोटोग्राफर खूश झाला. आणि हात थरथरायचे. चहाची बशी त्याच्या हातात गेली की वाजायची. त्यावर तर अख्खं घर पोट धरून हसायचं.

"वैष्णवीचं नुसतं नाव काढलं तरी भूकंप," असं मी म्हणालो होतो. लोकांना फार आवडलं. मला अजून ऐकवतात.

शेवटच्या आठवड्यात त्याला खोकला लागला. छातीत घरघर, थोडा ताप. लग्नात कोणाला खोकला नसतो?

हळदीच्या संध्याकाळी मांडवात दादाला पाटावर बसवलं आणि बायकांनी हळद लावायला घेतली. ती लावली की वाळत होती. ओली हळद त्याच्या खांद्यावर पापडासारखी तडकत होती. चुलत काकूने हात मागे घेतला.

"पोराचं अंग लय तापलंय गं."

"तापणारच," जयरामकाका म्हणाले, आणि मांडव हसला.

सकाळी दादाला उलट्या सुरू झाल्या, जुलाब सुरू झाले. तो पिवळ्या अंगाने ओसरीवर बसला होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. अण्णा जवळ गेले तर त्यांना म्हणाला, "साहेब, दोन नंबर बंद करा. प्रेशर चढतंय." अण्णा जन्मात कोणाचे साहेब नव्हते. ते बावरून मागे सरकले. मी दादाचं मनगट धरलं. ठोके मोजायला गेलो, पण मोजण्यासारखं काही नव्हतं. व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल कातडीखाली वाजत असावा तसं लागत होतं. मध्येच थांबायचं आणि पुन्हा सुटायचं.

"दवाखान्यात नेऊ," मी म्हणालो. "नाशिकला. आत्ता."

काका उभे राहिले. काका उभे राहिले की आमच्याकडे सभा सुरू होते.

"हळद लागलेला पोरगा शिवेबाहेर जात नाय. आधी मारुती, मग शिवेवर नारळ, मग बाहेर. हे आपल्या बापानं मोडलं नाय."

"काका, लग्नाचे लॉन्स शिवेबाहेरच आहेत."

"लॉन्सवर वरात जाती. दवाखान्यात कोणाची वरात जाती?"

याचं उत्तर मला नंतर सुचलं.

"मग मारुतीला नेऊ. पार काय लांब आहे?"

"बँड यायचाय ना."

तर आम्ही बँडची वाट बघितली. हे लिहिताना मला कळतंय की हे वाचताना कसं दिसतं. पण तिथे तीस-चाळीस शहाणी माणसं उभी होती आणि सगळी रस्त्याकडे, बँड येतो त्या बाजूला बघत होती. गावातले डॉक्टर त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाला गेलेले. काकांनी स्वतःच्या खिशातून अॅस्पिरिनची गोळी काढून दादाला दिली, त्यांची स्वतःची, हृदयासाठीची. एवढं प्रेम त्यांनी कोणावर केल्याचं मी आधी बघितलं नव्हतं. आईचा हात कमरेच्या किल्लीवर होता.

दादा उठला. "बॉयलर बघून येतो," म्हणाला, दोन पावलं चालला आणि गुडघ्यातून दुमडला. पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

अण्णा म्हणाले, "सार्थक, गाडी काढ."

तरी मारुतीच्या पारापाशी थांबलोच. काका कट्यार घेऊन पुढच्या सीटवर बसले होते, टोकाला लिंबू खोचलेलं, कारण हळदीच्या अंगाजवळ लोखंड हवं. शिवेवर त्यांनी उतरून दगडावर नारळ आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. दादा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कोणालातरी ड्युटी बदलून मागत होता. तिसऱ्यांदाही फुटला नाही, तेव्हा अण्णा खाली उतरले, काकांच्या हातातून नारळ घेतला आणि अख्खाच्या अख्खा कालव्यात फेकून दिला. मग गाडीत बसून म्हणाले, "चल."

हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने अडवलं.

"हत्यार आत नेता येणार नाही."

"हत्यार नाय, नवरदेव हाय," काका म्हणाले.

"मग नवरदेव आत न्या, हत्यार इथं ठेवा."

काकांनी कट्यार त्याच्या टेबलावर ठेवली. नंतर तीन दिवस ती तिथेच होती. लिंबू सुकत गेलं.

आत एक शिकाऊ डॉक्टर होता. माझ्याच वयाचा, रात्रपाळीने डोळे तांबारलेले. त्याने दादाला बघितलं आणि दचकला.

"किती दिवसांपासून पिवळे आहेत?"

"काल संध्याकाळपासून," अण्णा म्हणाले.

"अचानक?"

"नाही. मुहूर्तावर."

त्याने कावीळ लिहिली. यात त्याचा दोष नाही, आम्ही खरी उत्तरं देत होतो. लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या, विषबाधा झालीय का विचारलं, मुलाच्या मनाविरुद्ध लग्न आहे का तेही विचारलं. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी कापूस ओला करून दादाच्या दंडावरून फिरवला आणि तो पिवळा बोळा शिकाऊ डॉक्टरला दाखवला.

"हळद आहे ही. आता हळद सोडून बाकीचं बघ."

आणि त्या बघायला लागल्या. मला वाटतं त्या दिवसांत दादाकडे चेष्टा न करता बघणारं ते पहिलंच माणूस. त्यांनी आधी गळा बघितला. गळ्याच्या खाली, हळदीच्या थराखाली, फुगवटा होता. शेरवानीच्या कॉलरमध्ये आम्हाला तो दिसला नव्हता, किंवा दिसला होता. मग डोळे. मग पुढे पसरलेल्या बोटांची थरथर. ताप एकशे पाच. मॉनिटरवर हिरवी रेघ वाकडीतिकडी धावत होती.

"यांना थायरॉइडचा त्रास आहे?"

"छे," काका म्हणाले. "पुरुष हाय तो."

डॉक्टरबाईंनी काकांकडे बघितलं नाही. त्या आईकडे बघत होत्या.

"ताई, गोळ्या चालू होत्या का? बंद कधी झाल्या?"

आईने कमरेची किल्ली काढली आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिली. जणू कपाट तिथेच होतं. "साड्यांच्या मागं हायेत," ती म्हणाली, आणि खाली बसली.

यानंतर जे झालं ते फार झपाट्याने झालं. डॉक्टरबाई बोलत होत्या आणि नर्स धावत होत्या. याला थायरॉइडचं वादळ म्हणतात, त्या म्हणाल्या. गोळ्या बंद झाल्या, त्यात छातीचा संसर्ग झाला, आणि ग्रंथी बेफाम सुटली. रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, त्यासाठी थांबायचं नसतं, रोग्याकडे बघून उपचार सुरू करायचे असतात. नाकातून नळी घातली, गोळ्या कुटून त्यातून दिल्या. स्टिरॉइडचं इंजेक्शन. हृदय आवरायचं औषध, तेही जपून, कारण हृदय दमलेलं होतं. "घरी काही दिलंत?" त्यांनी विचारलं. काकांनी अॅस्पिरिन सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. "या तापाला पॅरासिटामॉल चालतं, अॅस्पिरिन नाही. याच्यात ते उलटं पडतं." काका भिंतीला टेकले आणि तिथेच राहिले.

मला त्यांनी आयोडीनचे थेंब आणायला पिटाळलं. पहिल्या मेडिकलवाल्याने जखमेवर लावायचं दिलं. दुसरा म्हणाला, आयोडीनवालं मीठ किराणा दुकानात बघा. तिसऱ्याने माळ्यावर चढून एक तपकिरी बाटली खाली काढली. मी ती छातीशी धरून पळत आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, थांब.

"आणलंय ना मी."

"अजून तासभर नाही द्यायचं. गोळीने आधी कारखाना बंद होऊ दे. त्याआधी आयोडीन दिलं तर कारखान्याला कच्चा माल दिल्यासारखं होतं."

सकाळपासून आम्ही चुकीच्या गोष्टीसाठी थांबलो होतो, आणि आता योग्य गोष्टीसाठी थांबायचं होतं. मी बाटली मुठीत धरून बाकावर बसलो.

तेव्हा वैष्णवी आली. कोणीतरी गिरणाऱ्याला फोन केला होता. तीही पिवळी, कपाळापासून पायापर्यंत, हातात हिरवा चुडा, पायात भावाच्या सँडल. तिच्या गावालाही शीव आहे, मारुती आहे, काका आहेत. ती स्कूटी काढून निघून आली होती. दादाजवळ जाऊन ती उभी राहिली, आणि शिकाऊ डॉक्टर जुन्या गोळ्यांचं नाव विचारत होता ते तिने ऐकलं.

"कार्बिमाझोल," ती म्हणाली. "दहाची, दिवसातून तीनदा. आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलोल. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापासून."

आईने मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. बघायला आले होते तेव्हा, गच्चीवर. म्हणाले, मला बायकांचा आजार आहे, चालेल का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं चालेल, मी घोरते."

आई तिच्याकडे बघत राहिली. ज्यांच्यापासून डबी लपवली होती, त्यांना डबीतल्या गोळ्यांची ताकदसुद्धा पाठ होती.

"मी रोज विचारायचे, घेतली का," वैष्णवी म्हणाली. "ते म्हणायचे, घेतली."

ताप उतरत नव्हता. नर्सने घमेल्यात गार पाणी आणलं आणि दादाचं अंग पुसायला घेतलं. वैष्णवीने तिच्या हातातलं फडकं मागून घेतलं. आमच्याकडे लग्न लागल्यावर नवरानवरी एकमेकांची हळद उतरवतात. न्हाणीपाशी पाट मांडतात, करवल्या चिडवतात, गुळण्या टाकतात. इथे मॉनिटर वाजत होता. तिने त्याचे खांदे पुसले, छाती पुसली, काखा पुसल्या, कानामागे पुसलं. पाणी पिवळं झालं की नर्स बदलून आणायची. कोणी चिडवलं नाही. मला एक विनोद सुचला होता, तो मी अजून कोणाला सांगितलेला नाही. एकदा दादाने डोळे उघडून तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझी ड्युटी संपली?"

"नाही," ती म्हणाली. "डबल लागलीय."

तो हसला असावा. नळीमुळे नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्ही सगळे एकमेकांना चहा पाजत सुटलो. काकांनी वॉचमनलाही पाजला. डॉक्टरबाई मात्र चहा घेत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचं हृदय थकलं. इतके दिवस पळत होतं ते, मध्ये कोणी बसायलाच दिलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. मी काचेतून बघत होतो.

अण्णांनी डॉक्टरबाईंना एकच प्रश्न विचारला. "थोडं आधी आणलं असतं तर?"

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. पण या आजारात प्रत्येक तास मोलाचा असतो."

अण्णांनी मान हलवली, जणू बियाण्याचा भाव ऐकला. रडले नाहीत. घरी आंघोळ घातली तेव्हाही नाही. दादाच्या नखांत थोडी हळद राहिली होती, ती निघाली नाही, तेव्हाही नाही.

पुढच्या वर्षभरात अण्णांनी नाडी बघायला शिकून घेतलं. हॉस्पिटलात जाऊन त्या शिकाऊ डॉक्टरकडूनच शिकले. मग बाजारात, बसस्टँडवर, दशक्रियेला, कोणाचंही मनगट धरायचे आणि घड्याळाकडे बघायचे. लोक धरू द्यायचे. जुलाब होतात का, वजन उतरलं का, कोणती गोळी सोडली का, असं विचारायचे. गावातल्या चार बायका आणि एक तालमीतला पैलवान तपासून आले. पैलवानाला निघाला. काकांनी त्यावर काहीही मत दिलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर शेजारच्या गोटीरामच्या साईची हळद होती. अण्णांना बोलवावं की नाही यावर गोटीरामच्या घरी चर्चा झाली असणार. बोलावलं. अण्णा गेले, पहिल्या रांगेत बसले. साईला हळद लागली, आणि त्याच्या हातातली आरतीची ताटली वाजायला लागली.

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

अण्णा उठले, पाटापाशी गेले, साईचं मनगट धरलं. मांडवात फक्त जनरेटरचा आवाज येत होता.

"अण्णा, मला नुसती भीती वाटतेय," साई म्हणाला.

"असू दे. गाडीत बस."

गोटीरामने तोंड उघडलं, पण जयरामकाका आधीच गाडीकडे चालत गेले होते आणि दार उघडून उभे होते. हातात काही नव्हतं, ना कट्यार, ना नारळ. मी गाडी मारुतीच्या पारावरून नेली. हात आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबू नको," काका मागून म्हणाले.

हॉस्पिटलात त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पिवळ्या साईकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"कधीपासून?"

"आज संध्याकाळपासून," अण्णा म्हणाले. "मुहूर्तावर."

त्यांनी गळा बघितला, डोळे बघितले, बोटं पसरायला लावली, ताप बघितला, ईसीजीची पट्टी काढली. मग म्हणाल्या, "काही नाही याला. घाबरलाय. घरी न्या आणि लग्न लावा."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

अण्णा बाहेर आले आणि पायरीवर बसले. वॉचमन उठून उभा राहिला. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग आवाज आला, आणि तो थांबेना. साई त्यांच्या शेजारी बसला. त्याची हळद अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागत होती. मांडवातून फोनवर फोन येत होते, काका ते कापत होते. अण्णांच्या हातात साईचं मनगट अजून तसंच होतं, आणि सोडा असं त्यांना कोणी म्हणालं नाही.